नाम पुरेसं नाही का?

॥ श्री गुरवे नमः ॥



सेवेला येणाऱ्या बहिणी एक प्रश्न नेहमी हळू आवाजात विचारतात, आरती होऊन सगळे प्रसादाकडे वळले की. "ताई, यांची दारू सुटत नाही हो. एखादी उपासना सांगा ना." उपासना आपण सांगतोच. पण त्याबरोबर "दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगा होतात, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणतात, जवळ कुठे आहे ते शोधू या" असं म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. म्हणजे नाम पुरेसं नाही का? तिकडे जाणं म्हणजे गुरूवरचा विश्वास डळमळणं नाही का?

प्रश्न खरा आहे. "श्रद्धा ठेवा, सगळं ठीक होईल" एवढ्यावर त्या बाईला घरी पाठवणं आम्हाला पटत नाही. शुगरची गोळी घेतल्याने कुणाचा जप अपुरा ठरत नाही, मग इथेच का ठरावा? आणि देवापुढे हात ठेवून शपथ घ्यायला लावण्याची तर आपल्याकडे फार हौस. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बाटली बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून शपथेआधी डॉक्टर.

डॉक्टरांमुळे शरीरातली दारू उतरते. पुढे काय? १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी गेला होता. दारू सोडून काहीच महिने झालेले. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बारमधले हसण्याचे आवाज, दुसरीकडे टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याने टेलिफोन उचलला. आता बघा, पलीकडे धर्मगुरू होते. "माझ्यासाठी प्रार्थना करा" असं तो म्हणू शकला असता. त्याने मागितला दुसरा दारुडा! ज्याच्याशी बोलता येईल असा. दुसऱ्या दिवशी त्याची डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी भेट झाली, आणि डॉ. बॉबने शेवटचा प्याला घेतला तो १० जून १९३५ हा दिवस या संस्थेचा जन्मदिवस मानतात.

आपल्या सत्संगात प्रेम आहे, नाम आहे, पण तो दुसरा दारुडा नाही. असला तरी आम्हाला कळणार नाही, कारण इथे आपण सगळे धुतलेल्या कपड्यांत येतो आणि चांगले दिसतो. काल रात्री आपण बायकोच्या पर्समधून पैसे काढले, असं आपल्या हॉलमध्ये उभं राहून कोण सांगेल? त्या खोलीत असंच काही सांगतात, आणि समोरचे नुसती मान हलवतात, कारण त्यांनीही तेच केलेलं असतं. आडनाव विचारत नाहीत. इंदूरसारख्या शहरात, जिथे रामबागेतली गोष्ट संध्याकाळपर्यंत सुदामानगरात पोचते, हे फार मोलाचं आहे.

"ते चर्चवाले आहेत" असंही ऐकू येतं. मीटिंगा पुष्कळदा चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरतात, जागा मिळते म्हणून. धर्म विचारत नाहीत. त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वर आहे, पण ज्याला जसा समजला तसा. महाराजांचा फोटो खिशात ठेवून गेलं तरी चालतं. फी नाही, सभासद आपसात वर्गणी काढतात. अट एकच, दारू सोडण्याची इच्छा.

ती इच्छा मात्र बायकोची असून भागत नाही, आणि अवघड प्रश्न इथेच आहे. मग तिने करायचं काय? ऑफिसात "यांना ताप आहे" असा फोन करायचा, उधाऱ्या फेडायच्या, सासरी झाकायचं? याला आपण सोसणं म्हणतो आणि त्याचं कौतुकही करतो. आम्हाला वाटतं, या प्रत्येक फोनने त्याला पिण्यासाठी आणखी एक दिवस मिळतो. बिलची बायको लोइस हिने पुढे १९५१ मध्ये घरच्या माणसांसाठी अल-अ‍ॅनॉन उभं केलं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही पत्नींचा वेगळा गट आहे. नवरा तयार नसला तरी ती जाऊ शकते. कित्येकदा आधी तिनेच जावं.

सरकारने १ एप्रिल २०२३ पासून आपल्या मध्य प्रदेशातले अहाते बंद केले, चांगलंच झालं. पण पिणारा आता घरी बसून पितो, मुलांसमोर.

आता शोधायचं कसं. एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहराप्रमाणे मीटिंगांची माहिती असते. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे उपचारांबद्दलही विचारता येतं. "ओपन" मीटिंगला घरचे बरोबर जाऊ शकतात, "क्लोज्ड" मीटिंग फक्त ज्यांना पिण्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं. जागा-वेळ बदललेली असू शकते, म्हणून निघण्याआधी फोन करून घ्यावा. पहिल्यांदा जाताना कुणी सोबत हवं असेल तर सेवेकरी भगिनींपैकी कुणालाही वेगळा मेसेज करावा, ग्रुपवर नको. आम्ही दारापर्यंत येऊ आणि बाहेर थांबू.