शाळेची आठवण : गोड, कडू आणि खरी



माजी विद्यार्थ्यांचे मेळावे आता खेड्यापाड्यांतही भरू लागले आहेत. मेडशीहून अकोल्याला, वाशिमला, पुण्या-मुंबईला गेलेले सवंगडी अशा दिवशी एकत्र येतात. पाटी-पेन्सिल, सुकडीचा वास, सुटीची घंटा, सारे आठवते. "गुरुजींनी झोडपले म्हणून आपण घडलो," असे कुणी म्हणतो आणि सगळे हसतात. मागच्या रांगेतला एखादा मात्र हसत नाही. फी भरली नाही म्हणून तो कधीतरी वर्गाबाहेर उभा राहिलेला असतो, किंवा आडनावावरून सर्वांदेखत बोलणी खाल्लेली असतात. शाळा एक, वर्ग एक, पण आठवणी दोन. ज्या शाळेने अक्षर दिले, तिच्याविषयी कडू बोलणे ही कृतघ्नता आहे का?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण आठवावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. साताऱ्यात शिकताना त्यांना वेगळे बसावे लागे, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. तहान लागली तरी नळाला हात लावता येत नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. आणि याच साताऱ्यात आंबेडकर नावाचे एक शिक्षक आपल्या डब्यातली भाजी-भाकरी त्यांना देत. बाबासाहेबांनी पुढे दोन्ही गोष्टी सांगितल्या. भाकरीसाठी त्यांनी तहान लपवली नाही आणि तहानेपायी भाकरी विसरले नाहीत. आम्हांला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. जो दोन्ही सांगतो तो कृतघ्न नव्हे, तो खरा साक्षीदार.

'मारामुळे घडलो' या बोलण्यातही एक चूक आहे. मेळाव्याला जे टिकले तेच येतात. माराच्या किंवा अपमानाच्या भीतीने चौथीतच दप्तर टाकून जो गुरांमागे गेला, त्याला निमंत्रण जात नाही. त्याला विचारल्याशिवाय छडीचा हिशेब पूर्ण कसा होणार? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली, ती उगीच नव्हे.

गुरुजींचीही बाजू आहे. वर्ग भरगच्च, पगार तुटपुंजा, आणि त्यांनाही त्यांच्या गुरुजींनी असेच शिकवलेले. हे समजून घेतले की क्षमा करणे सोपे जाते. पण समजून घेणे म्हणजे चुकीला बरोबर म्हणणे नव्हे.

ख्रिस्तसभाही या परीक्षेतून सुटलेली नाही. कॅनडात मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले जाई. त्यांतल्या अनेक शाळा कॅथलिक संस्था चालवीत. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिथे जाऊन, त्या शाळांतून वाचलेल्या माजी विद्यार्थ्यांसमोर क्षमा मागितली. आजारपणामुळे ते चाकांच्या खुर्चीत होते, तरी गेले. त्यामुळे ख्रिस्तसभेची प्रतिष्ठा कमी झाली, असे आम्हांला वाटत नाही.

पवित्र शास्त्रातला योसेफ मिसर देशात भावांपुढे उभा राहतो, तेव्हा 'काही झालेच नाही' असे म्हणत नाही. तुम्ही मला विकले, हे तो सांगतो, रडतो, मग त्यांना पोटाशी धरतो आणि दुष्काळात पोसतो. आधी सत्य, मग मिठी. सत्य गिळून केलेली क्षमा आत कुजत राहते, आणि क्षमेवाचून धरलेले सत्य माणसाला कडवट करते.

म्हणून या आठवड्यात दोन गोष्टी करू या. ज्या गुरुजींनी, बाईंनी किंवा सिस्टरांनी आपल्याला हात दिला, त्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करू. आणि वर्गातल्या ज्या सोबत्याला शाळा दुखली, त्याच्याकडे जाऊन बसू. त्याचे ऐकताना "जाऊ दे, जुने झाले," असे मात्र म्हणू नये. ते केव्हा म्हणायचे, हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे.