मॅकबेथचा गुन्हा आणि माल्कमचा शेरा

'मॅकबेथ' हे महत्त्वाकांक्षेचे शोकनाट्य होय, अतिलोभाचा शेवट पश्चात्तापात होतो हेच त्याचे तात्पर्य, आणि म्हणून प्रत्येक होतकरू पुढाऱ्याकडून ते सक्तीने वाचून घ्यावे, असा निकाल एका विद्वान प्राध्यापकांनी अलीकडेच एका व्याख्यानमालेत जाहीर केला, आणि श्रोतृवृंदाने टाळ्यांच्या गजरात तो कायमही केला. आधी लोभ, मग गुन्हा, मग पश्चात्ताप, हा क्रम शाळेच्या नीतिपाठाला शोभणारा आहे. अडचण एवढीच की नाटककाराने तो पाळलेला नाही.

ज्या बखरीवरून शेक्सपिअरने हे नाटक रचले त्या हॉलिन्शेडच्या इतिहासात मॅकबेथची आकांक्षा पुरेशी साधार आहे. डंकन अल्पवयीन माल्कमला वारस नेमतो तेव्हा मॅकबेथचा हक्क बुडतो. बँको कटात सामील असतो. आणि गादी मिळाल्यावर दहा वर्षे राज्याचा बंदोबस्त उत्तम राहतो. शेक्सपिअरने हक्काची तक्रार, साथीदार आणि सुराज्य ही तिन्ही कलमे खारीज केली. (बँकोला निर्दोष ठरविण्यात थोडे दरबारी शहाणपणही होते, कारण गादीवर असलेले जेम्स राजे स्वतःला त्याचेच वंशज मानीत.) उलट, त्याच बखरीतल्या केनेथ नावाच्या निराळ्याच राजाला एका राजपुत्राच्या हत्येनंतर रात्री जो आवाज ऐकू येतो, तो बहुधा तेथूनच उचलून त्याने मॅकबेथच्या कानी घातला. म्हणजे आकांक्षेची सामग्री काढून घेतली आणि अपराधाची उसनी आणून भरली. राजा होऊन आपण काय करणार, याविषयी या कथित महत्त्वाकांक्षी पुरुषाच्या मुखी एक अक्षर नाही. महत्त्वाकांक्षेचे नाव तो घेतो खरा, पण ते खुनाविरुद्धची सारी कारणे मोजून झाल्यावर, आपल्या पदरी हे एवढेच उरले अशा कुरकुरीच्या सुरात.

आणि अपराधभाव? तो खुनाच्या आधीच हजर आहे. चेटकिणी केवळ राजपद भाकितात, हत्येचा उच्चारही करीत नाहीत; तरी मॅकबेथ दचकतो, इतका की अशा शुभवार्तेने का भ्यालास, असे बँको त्याला विचारतो. हवेत तरंगणारा खंजीर दिसतो तोही खुनापूर्वी. राघोबादादांना त्यांचा अपराध रामशास्त्र्यांनी भरदरबारी सुनवावा लागला, आणि खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'चे तेज त्या सुनावणीतच आहे. मॅकबेथच्या दरबारात रामशास्त्री नाही, कारण तेथे आरोपीनेच न्यायाधीशाचे आसन गुन्ह्याच्या आधी बळकावले आहे.

येथे फ्रॉइडचा समाचार घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही. 1916 साली त्याने मनोविश्लेषणात भेटणाऱ्या काही स्वभावप्रकारांवर तीन भागांचा एक निबंध लिहिला, आणि त्याच्या दुसऱ्या भागात, यश हाती येताच कोसळणाऱ्या माणसांच्या पंक्तीत, लेडी मॅकबेथला बसविले. ती का कोसळली? फ्रॉइड अपत्यहीनतेकडे वळतो, एलिझाबेथ राणीच्या निपुत्रिक राज्याकडे वळतो, बखरीतली दहा वर्षे नाटकात आठवड्यावर कशी आली याची चौकशी करतो, आणि नाटकाच्या गतीपुढे हात टेकतो. अखेर पतिपत्नी ही एकाच व्यक्तिमत्त्वाची दोन शकले असावीत, या आपल्या सहकारी येकेल्सच्या कल्पनेच्या आश्रयाला जातो. मौज अशी की त्याच निबंधाच्या तिसऱ्या, जेमतेम दोन-तीन पानांच्या भागात, काही माणसांत अपराधभाव आधी असतो आणि गुन्हा मागाहून घडतो, त्या निनावी ओझ्याला काही तरी ठिकाण मिळावे म्हणून घडतो, हा सिद्धांत त्याने स्वतःच मांडला आहे. किल्ली घडविली या कारागिराने, पण शेजारच्या कुलपाला ती लावून पाहण्याचे त्याला सुचले नाही! लेडी मॅकबेथवर इतकी पाने खर्ची घालणाऱ्याने मॅकबेथला तिसऱ्या भागात नुसते डोकावू दिले असते, तरी आमच्या प्राध्यापकांचे व्याख्यान निम्मे झाले असते.

मात्र तिसऱ्या अंकाशी आल्यावर प्रतिपक्षाला एक दान देणे प्राप्त आहे. मुकुट मस्तकी आला, पण तो बँकोच्या वंशाकडे जाणार, या विचाराने मॅकबेथ जळतो. ही जळजळ म्हणजे अस्सल महत्त्वाकांक्षाच, आणि तिच्यापुढे माझ्या किल्लीचे काही चालत नाही. बँकोवर तो मारेकरी घालतो तेव्हा त्याला ओझ्याला ठिकाण नको असते. त्याला वंश हवा असतो. तेव्हा महत्त्वाकांक्षा नाटकात नाहीच असे नव्हे. ती यशाच्या मागून येते, आणि ती येताच अपराधभाव पतीला सोडून पत्नीकडे मुक्कामाला जातो. मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल करविताना याचा हात कचरत नाही. निद्राभ्रमात हात चोळत बसते ती, जिने थोडेसे पाणी या कृत्याला पुरेल असे एकदा त्याला सांगितले होते. पुढे तिच्या मृत्यूची वार्ता येते तेव्हा भयाची चवच आपण विसरलो, असे तो बजावून चुकलेला असतो. वंशाची आशाही तोवर आटली आहे, आणि तरी तो लढतो. हे लढणे लोभाच्या खात्यावर कसे मांडावे, याचा खुलासा व्याख्यानात नव्हता.

व्याख्यानातला निकाल मूळचा माल्कमचा. नाटकाच्या शेवटी हा नवा राजा एकाला खाटीक आणि दुसरीला राक्षसी ठरवून मोकळा होतो. पण खुनाची वर्दी मिळताच इंग्लंड गाठणाऱ्या माल्कमने पाहिले काय होते? राणीचे ते झोपेतले बोलणे ऐकणारे दोघेच, एक वैद्य आणि एक दासी. दासी तर आधीची हकीकत वैद्यालाही सांगत नाही, कारण तिच्या बोलण्याला दुजोरा द्यायला साक्षीदार नाही, आणि वैद्य मनात आले ते ओठांवर आणायला धजत नाही. ती जबानी माल्कमच्या दप्तरी कधीच दाखल झाली नाही. प्राध्यापकांच्या समोर मात्र ती पाचव्या अंकाच्या पहिल्याच प्रवेशात, छापील, उघडी पडली होती.