इतर हक्क

सफरचंदाच्या फुलात मधोमध पाच बारीक तुरे असतात आणि त्यांच्याभोवती वीसेक पुंकेसर. पाचही तुऱ्यांवर पराग पडला तर आत दहापर्यंत बिया भरतात आणि फळ चारी अंगांनी सारखं फुगतं. दोन-तीनच तुऱ्यांचं काम झालं तर ज्या बाजूला बी नाही ती बाजू दबते, फळ वाकडं होतं. वाकडं फळ बघून लोक म्हणतात, खत कमी पडलं. माझा अनुभव असा की पुष्कळदा माशी कमी पडलेली असते.

त्यात आणखी एक गोम आहे. बहुतेक सफरचंदांना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो. डेलिशसची शंभर कलमं लावली तरी ती सगळी एकाच मूळ झाडाच्या काड्यांपासून वाढलेली, एकमेकांच्या उपयोगाची नाहीत. आपल्याकडं एका देवकात सोयरीक होत नाही, तसंच हे. हिमाचलात कोटगडला सत्यानंद स्टोक्स यांनी १९१६ साली अमेरिकेतून डेलिशसची रोपं आणून लावली आणि तिथून त्या मुलखाची सफरचंदाची शेती वाढली. तिथले बागाईतदार आज डेलिशसच्या मध्ये मध्ये गोल्डन, रेड गोल्ड, टायडमन अशी परागापुरती झाडं मुद्दाम लावतात. फुलाच्या दिवसांत मधमाशांच्या पेट्या भाड्यानं आणतात. तेवढ्यानं भागलं नाही तर परागाच्या जातीच्या फुललेल्या फांद्या तोडतात, पाणी भरलेल्या पिशवीत खोचतात आणि आपल्या झाडाला टांगतात. म्हणजे फळ ज्याच्या झाडाला लागतं, त्याच्या एकट्याच्या जिवावर ते लागत नाही, हे तिथल्या माणसानं हिशेबातच धरलंय.

मला या सफरचंदानं एक प्रश्न घातला. देणाऱ्याला ठाऊक नाही, घेणाऱ्यानं मागितलेलं नाही, आणि तरी एकाकडचं दुसऱ्याकडं पोचतंय. त्याचं काही देणं लागतं का? लागत असेल तर ते फेडायचं कसं?

आमचा निफाड तालुका द्राक्षाचा आणि कांद्याचा. थंडीत इथला पारा उतरला की पेपरात बातमी येते. पण ती थंडी चार-आठ दिवसांची. हिमाचलातल्या जुन्या जातींना सात अंशांच्या खालची हजारभर तास थंडी लागते, ती इथं कुठून मिळणार? म्हणून आपल्याकडं थोड्या थंडीवर येणाऱ्या जाती आल्या. त्यातली ॲना इस्रायलची आणि डॉर्सेट गोल्डन बहामा बेटांवरची. ॲनाला एकटीला थोडी फळं येतात, पण डॉर्सेट जवळ असली तर झाड खरं लागतं. दोन्हींचा फुलोराही बरोबरच येतो, म्हणून नर्सरीवाले जोडीनं देतात.

अशी एक जोडी आईनं २०१५ साली मळ्यातल्या घरापुढं लावून घेतली. विकायला नाही, नातवंडांना झाडावरून तोडून खाता यावं म्हणून. डिसेंबरात ताण द्यायचा, हातानं पानगळ करायची, मग पाणी सोडायचं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात, मे-जूनमध्ये फळं. त्याच दिवसांत आजूबाजूला कांद्याचे डोंगळे फुललेले असतात, त्यामुळं माशीला तोटा नसतो. सकाळी गारठ्यात ती बाहेर पडत नाही. ऊन चढलं की दहाच्या सुमाराला सातेरी आणि फुलोरी दोन्ही झाडांवर लागतात.

आई गेली आणि दुसऱ्या वर्षी आम्हा दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. मोजणी आली, खुणा पडल्या, अंगणातून पाच फुटांची भिंत गेली. ॲना माझ्याकडं राहिली, डॉर्सेट धाकट्याकडं गेली. मोजणीच्या वेळी शब्दाला शब्द लागला आणि आमचं बोलणं बंद झालं. ते सगळं इथं उगाळत नाही. भाऊबंदकी ज्याच्या घरी नाही त्यानं हात वर करावा.

वाटणीत कुणी काही सोडलं नाही. विहीर सामाईक, तिचा निम्मा निम्मा हिस्सा सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढवला. मोटारीच्या पाळ्या ठरल्या, दोन दिवस त्याचे, दोन दिवस माझे. बैलगाडीच्या रस्त्याची वहिवाट लिहून झाली. बांधावरच्या चिंचेची चिंचसुद्धा निम्मी ठरली. पराग तेवढा कुणी लिहिला नाही. त्याला कुठल्याच कागदावर रकाना नाही.

भिंत झाल्यावरही ॲना दर साली पंचवीस-तीस किलो फळ देत राहिली. माशीला भिंत कुठं आड येते? ती पलीकडून निघायची, इकडं बसायची, परत जायची. गर सगळा ॲनाचाच असतो. पराग कुणाचाही असो, फळाच्या चवीवर, रंगावर त्याची खूण उमटत नाही. खूण असते ती बियांत. ते बी पेरलं तर ॲना उगवत नाही, निम्मा अंश दुसऱ्या झाडाचा घेऊन तिसरंच काही उगवतं. पण फळ खाताना बी आपण थुंकून टाकतो. म्हणून कुणाचं काय लागतं ते जिभेला कळत नाही.

२०२३ च्या दसऱ्याला पुतण्या सहज आमच्या घरात बोलून गेला, “ट्रॅक्टरला शेड घालायचंय. दिवाळी झाली की ते सफरचंदाचं झाड काढणार.”

रात्री मी घरात म्हटलं, “एकदा जाऊन बोलावं म्हणतो.”

मंडळी म्हणाली, “कशासाठी? झाड त्यांचं, जागा त्यांची. आपण कोण सांगणारं?”

“तोडू नको असं नाही सांगत. त्या झाडानं आपलं झाड फळतं, एवढं तरी त्याच्या कानावर घालावं.”

“त्यांनी काय पाठवलं होतं का? माशीनं आणलं. माशीला सांगा.”

तिचं बोलणं हसण्यावारी नेता येण्यासारखं नव्हतं. माझा शेजारी आपल्या शेताला पाणी देतो, त्याचा ओलावा माझ्या बांधाला लागतो. म्हणून काय मी त्याचा देणेकरी? वारा येतो, पाऊस पडतो, रस्त्याच्या झाडाची सावली मिळते. या सगळ्याचं ऋण मानायचं म्हटलं तर माणसाला उठून उभं राहता येणार नाही. आपल्या लोकांनी देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी मोठी ऋणं सांगून ठेवलीत. पण ती सगळी वरच्यांची. बरोबरीच्याचं, त्यातून न बोलणाऱ्या भावाचं ऋण कुठल्या खात्यात मांडायचं?

मग ती मुद्द्याचं बोलली. “आणि तुम्ही सांगितल्यावर त्यांनी मुद्दामच तोडलं म्हंजे?”

खरी भीती तीच होती. आज तो झाड तोडणार ते शेडसाठी, त्याच्या मनात आमच्याबद्दल काही नाही. उद्या त्याला कळलं की आपल्या झाडावर दादाची फळं अवलंबून आहेत, तर कुऱ्हाडीला वेगळीच धार येईल. ज्याच्याशी वाकडं आहे त्याला आपली गरज सांगणं म्हणजे आपली नाडी त्याच्या हातात देणं. गावात माणसं यापायी वर्षानुवर्षं गप्प राहतात.

दुसरी वाटही मी तपासून बघितली. माशी नको, झाड नको, हातानं करता येतं का? चीनमध्ये सिचुआन प्रांतातल्या माओशिएन भागात माणसांनी सफरचंदाच्या बागांत हे वर्षानुवर्षं केलं. फवारण्यांनी माशी राहिली नाही, परागाची झाडंही कमी, तेव्हा बांबूच्या काठीला कोंबडीची पिसं बांधून माणसं झाडावर चढायची आणि फुलाफुलाला पराग लावायची. पुढं मजुरी परवडेना म्हणून अनेकांनी सफरचंदच सोडून दुसरी फळं धरली. माशी करत होती ते काम केवढ्याचं होतं, हे ती गेल्यावर कळलं. पण त्यांच्याही हातातल्या पिसावर पराग होता तो दुसऱ्या जातीच्या फुलाचाच. माशीच्या जागी माणूस घालता येतो, दुसऱ्या झाडाच्या जागी काही घालता येत नाही. मीही ब्रश घेऊन बसलो असतो, पण डॉर्सेटचं फूल आणणार कुठून? भिंतीपलीकडून.

यावर पंधरा दिवस डोकं चालवून मी एवढ्यावर आलो. ते झाड उभं राहावं, असा माझा हक्क नाही. त्या झाडाच्या परागाची किंमत देणं लागतो, असंही नाही, कारण ज्याचा भाव कुणी लावला नाही ते उधार होत नाही. पण एक गोष्ट माझ्याकडं होती. त्याचं झाड काय काय देतंय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. ते एकट्या मला ठाऊक होतं. जाणूनबुजून दिलेलं देणारा आठवणीत ठेवतो, वेळेला बोलूनही दाखवतो. नकळत दिलेलं फक्त घेणाऱ्याच्या आठवणीत असतं. घेणारा गप्प बसला तर ते देणं झालंच नव्हतं, असं होतं. शिवाय आपल्या हातून दुसऱ्याचं काही भलं झालं, हे समजण्याचा देणाऱ्याचा हक्क त्यात बुडतो. इतर हक्कात लिहिता न येणारा हा एक हक्क. तो बुडवायचा नाही, एवढंच माझ्याकडून देणं होतं. त्यानं पुढं काय करावं, ही त्याची बाजू.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मी फाटक उघडून पलीकडं गेलो. धाकटा ओट्यावर बसला होता. बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. भावजयीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. फूल कसं असतं, पराग कसा लागतो, भिंत झाल्यावरही आमचं झाड का फळत राहिलं, सगळं. शेवटी म्हटलं, “झाड ठेव म्हणायला आलो नाही. शेड घाल तू. पण इतकी वर्षं आम्ही खाल्लं त्यात तुझ्या झाडाचा वाटा होता. तुला ठाऊक नव्हतं, म्हणून सांगायला आलो.”

तो बराच वेळ झाडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, “दादा, शेडची वीट आलीय. झाड काही राहत नाही.”

“बरं.”

मी वळलो तेव्हा मागनं म्हणाला, “काड्या पाहिजे असल्या तर घेऊन जा. तुमचं कलम बसतं हाताला.”

द्राक्षाची कलमं आम्ही दोघंही एकाच माणसाकडून, वडिलांकडून शिकलो. त्यानं झाड जानेवारीपर्यंत थांबवलं, पानगळ झाली, तेव्हा मी काड्या घेतल्या. ॲनाच्या पाच फांद्यांवर पाचर कलमं बांधली, वर मेण लावलं. त्याच आठवड्यात डॉर्सेट गेली. शेड उभं राहिलं, ट्रॅक्टर सावलीला आला. पाचातली तीन कलमं सुकली, दोन फुटली. त्या उन्हाळ्यात ॲनाला मोजून एकोणीस फळं आली, त्यातली निम्मी वाकडी. पुढच्या साली कलमांना फुलांचे दोन गुच्छ आले, फळं चाळीसच्या वर गेली.

बोलणं सुरू झालं का, असं कुणी विचारलं तर मोटारीच्या पाळीपुरतं झालं. पूर्वी त्यालाही पुतण्या मध्ये लागायचा. याच्या पलीकडं काही झालेलं नाही आणि झाल्याचं दाखवायचं मला कारण नाही.

मंडळी एकदा म्हणाली, “आता कुणाची गरज नाही. दोन्ही जाती आपल्याच झाडावर.” मला तसं वाटत नाही. ती फांदी माझ्या खोडातून पाणी पिते, माझ्या कुंपणात आहे, पण आहे ती डॉर्सेटच. आणि माशी अजून बाहेरूनच येते. कुणाच्या डोंगळ्यावर पोसलेली, कुणाच्या आंब्यावर पोळं बांधलेली. त्यातल्या जेवढ्या लोकांना सांगता येईल तेवढ्यांना मी सांगतो. डोंगळेवाल्याला सांगितलं, तेव्हापासून तो फवारणी संध्याकाळी, माशी घरी गेल्यावर करतो. त्याला मी तसं करायला सांगितलं नव्हतं. त्याच्या फुलांवरची माशी माझ्याकडं येते, एवढंच बोललो होतो.

या साली फळं उतरली की एक पाटी पलीकडं जाईल. आत वाकडी फळंही असतील, निवडून काढणार नाही. ठेवून घेतली तर बरं. पाटी परत आली तरी चालेल, सांगायचं होतं ते सांगून झालंय.