मौन आणि रजामंदी

निकाहाच्या वेळी वकील आणि गवाह मुलीची रजामंदी विचारायला जातात. ती गप्प राहिली तरी आपण होकार समजतो. कारण ती आपल्या माणसांत असते, नाही म्हणायची तिला मुभा असते. (निदान असायला हवी!) पण पोलीस ठाण्यातल्या मौनाचे काय?

मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याबद्दल दोन पोलिसांवर खटला झाला. भयापोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मानले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७८ मध्ये, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड्याची गोष्ट पटत नाही, म्हणून दोघांना सोडले. आमच्या नवी मुंबईत आजही असा विषय निघाला की पहिला प्रश्न तोच, 'ती ओरडली का नाही?'

लोकक्षोभानंतर १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे कोर्टात सांगितले, तर ते गृहीत धरले जाते. पण पोलिसाने अधिकाराच्या जोरावर भुलवून तिचा होकार मिळवला, तर २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो बलात्कार ठरत नाही. वेगळा, कमी शिक्षेचा गुन्हा ठरतो. म्हणजे तो होकार खरा मानलाच की! न्यूयॉर्क राज्याने २०१८ मध्ये पोलिसांचा हा बचावच काढून घेतला. जिच्या सुटकेची किल्ली समोरच्याच्या खिशात आहे, तिच्या 'हो'ला आम्ही तरी रजामंदी म्हणणार नाही. आणि या कलमांत पुरुष कैद्याचा तर उल्लेखच नाही.