जपानमधील शस्त्रबंदी आणि अहिंसेचा प्रश्न

१५८८ मध्ये जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने शेतकऱ्यांकडील तलवारी, धनुष्ये, भाले आणि बंदुका जमा करण्याचा हुकूम काढला. त्या लोखंडाचे खिळे क्योतोच्या होकोजी मंदिरातील महाबुद्धाच्या उभारणीला लागतील आणि त्यामुळे शेतकऱ्यांचे इहलोकीच नव्हे, तर परलोकीही कल्याण होईल, असे हुकुमात म्हटले होते. हत्यार दिले की पुण्य पदरी पडते, असा त्याचा अर्थ.

बौद्ध विचाराला हे मान्य होणे कठीण आहे. तिथे कर्माचे मूळ हेतूत मानतात. प्राणिहिंसा टाळण्याचे पहिले शील माणूस स्वतःहून घेतो. सारा वसूल करावा तसे ते वसूल करता येत नाही. हुकमाचा खरा रोखही लपलेला नव्हता. हत्यारबंद शेतकरी सारा थकवतो आणि बंड करतो, हे त्यातच नमूद होते. सामुराईंच्या तलवारी मात्र कमरेलाच राहिल्या आणि १५९२ मध्ये हिदेयोशीनेच बंदूकधारी फौजा कोरियावर धाडल्या. धर्मपीठेही या दोषातून सुटत नाहीत. १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर तानेगाशिमा बेटावर तोड्याची बंदूक आली, तेव्हा ती हाती घेणाऱ्यांत नेगोरोजी मठाचे भिक्षू आघाडीवर होते.

पुढे शोगुन तोकुगावा त्सुनायोशीने १६८७ मध्ये गावोगावच्या बंदुकांची मोजदाद करवली. पिके राखण्यासाठी आणि शिकारीसाठी काही बंदुका परवान्याने राहिल्या. १८७६ मध्ये सामुराईंना तलवार लावून फिरण्यासही बंदी आली. गणवेशातील सैनिक व पोलीस यांना ती लागू नव्हती. शस्त्राचा अधिकार असा जातीकडून पदाकडे गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलिसांच्या तलवारी गेल्या आणि पिस्तुले आली, आरंभी बरीचशी अमेरिकी बनावटीची. १९६० पासून न्यू नांबू एम ६० हे पाच गोळ्यांचे देशी रिव्हॉल्व्हर रुळले. १९५८ च्या कायद्याने बंदूक व तलवार बाळगणे सर्वांनाच मना केले. परवानाधारक शिकारी, नेमबाज आणि कर्तव्यावरील अधिकारी असे मोजके अपवाद. पोलिसाच्या कमरेच्या रिव्हॉल्व्हरलाही कायद्याचा लगाम आहे. १९४८ च्या पोलीस कर्तव्यविषयक कायद्याच्या सातव्या कलमानुसार शस्त्र गरजेपुरतेच वापरता येते आणि स्वसंरक्षण, आणीबाणी किंवा गंभीर गुन्हेगाराचा प्रतिकार अशा मोजक्या प्रसंगांखेरीज त्याने माणसाला इजा करता येत नाही.

हिंसेच्या वैध वापराची मक्तेदारी हे राज्यसंस्थेचे लक्षण आहे, असे समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने १९१९ मध्ये मांडले. हिदेयोशीची मक्तेदारी याच जातीची होती, पण ती बेलगाम होती. आजच्या कायद्याचे नैतिक बळ शस्त्र काढून घेण्यात फारसे नाही. शस्त्र बाळगणाऱ्यालाही तो बांधतो, त्यात आहे. मनातला द्वेष त्याने जात नाही. २०२२ मध्ये नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या घरी बनवलेल्या बंदुकीने झाली. त्यामुळे या कायद्याला अहिंसा म्हणता येणार नाही. तो न्याय्य निर्बंध आहे, आणि हिदेयोशीच्या हुकमाला तेवढेही म्हणता येत नाही.