दागिने विकून आलेला पैसा

शिरोड्याहून रेडीकडे जाताना धाकट्या बहिणीने गाडी थांबवायला लावली. झाडीच्या फटीतून हिरवंनिळं पाणी दिसत होतं, भोवती लालभडक उभे कडे. तिने रील शूट केलं आणि कॅप्शन टाकलं, 'कोकणातलं लपलेलं तळं'. मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "अगो, ता तळा नाय, ती खाण आसा."

दिवाळीनंतर आम्ही चौघं पुण्याहून निघालो होतो. वेंगुर्ला, मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी आणि शेवटी तेरेखोलचा किल्ला. आमच्यासाठी तीन दिवसांची सहल. बाबांसाठी मात्र हा त्यांचा जुना रूट होता. चीनमधून लोहखनिजाला प्रचंड मागणी होती त्या वर्षांत त्यांनी कर्ज काढून डंपर घेतला आणि रेडीच्या खाणीपासून बंदरापर्यंत खेपा मारल्या. पुढे धंदा बसला, डंपर विकला. ते पैसे एफडीत राहिले आणि 2015 साली माझ्या इंजिनिअरिंगच्या फीला लागले.

हे मला माहीत होतं. तरीही मी खाणविरोधी आहे. जुलै 2021 मध्ये याच जिल्ह्यात कळण्याला खाणीचा बांध फुटला आणि चिखलाचं पाणी घरांत, बागायतीत घुसलं, तेव्हा मी लांबलचक पोस्ट लिहिली होती. भरपूर शेअर झाली. त्याच आवेशात मी गाडीत म्हणालो, "बघा, काय करून ठेवलंय लोकांनी!"

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग शांतपणे म्हणाले, "तुझी फी खयसून इली रे?"

मग आम्ही रेडीच्या गणपतीला गेलो. ही द्विभुज मूर्ती 1976 साली खाणीच्या भागातच खोदकामात सापडली. आईने हात जोडले आणि बाबांची बाजू घेतली. खाण नसती तर देव तरी सापडला असता का? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाबांचा प्रश्न मात्र पुण्याला आल्यावरही सुटला नाही. ज्या गोष्टीने मला घडवलं, तिला वाईट म्हणायचा हक्क मला आहे का?

दोन सोपी उत्तरं आहेत. पहिलं, नाही, तू ढोंगी आहेस, गप्प बस. पण मग फायदा झालेल्या प्रत्येकाने गप्प बसायचं का? म्हणजे बोलायचं फक्त ज्यांच्या विहिरी आटल्या त्यांनी? माझी फी भरली गेली म्हणून डोंगर परत उभा राहत नाही. दुसरं उत्तर, आहे, मी तेव्हा लहान होतो, माझा काय संबंध? हेही खोटं. माझा पहिला लॅपटॉप, माझी डिग्री, आजचा पगार, सगळ्याच्या बुडाशी ती लाल माती आहे. माझ्या वाक्यातला 'लोकांनी' हा शब्दच चुकला होता. तिथे 'आपण' हवं होतं.

आमची आजी एक नियम सांगायची. दागिने मोडून आलेला पैसा पगारात धरायचा नाही. मोडावे लागले तर मोडावेत, घरावर वेळ येते. पण त्या पैशातून काय उभं राहिलं ते दाखवता आलं पाहिजे. जमीन, घर, पोरांचं शिक्षण. नुसतं खाऊन संपवलं तर ती चोरी, आणि तीही पुढच्या पिढीच्या पेटीतली.

खनिज म्हणजे डोंगराचे दागिनेच. एकदा गेले की परत येत नाहीत. तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोवा आहे. तिथल्या खाणींबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली जवळपास आजीचाच नियम लावला. विकल्या गेलेल्या खनिजाच्या किमतीतले 10 टक्के एका कायमस्वरूपी निधीत ठेवा, पुढच्या पिढ्यांसाठी. विचार साधा आहे. विक्रीला कमाई समजू नका.

आजीच्या हिशेबाने बाबा निर्दोष सुटतात. त्यांनी डंपरचा पैसा उडवला नाही, पोराच्या शिक्षणाला लावला. पण त्याच हिशेबात पुढची ओळ माझी आहे. रेडीच्या डोंगरातून जे काही उभं राहिलं, त्यातला एक छोटासा भाग म्हणजे मी. आणि मी पुण्यात बसून एका परदेशी क्लायंटसाठी कोड लिहितो. डोंगर बोटीतून गेला, त्याच्या पैशातून घडलेला मुलगा बसमधून गेला. गावाकडे राहिलं काय? खड्डा, आणि त्यात साचलेलं पाणी.

म्हणून आता माझा प्रश्न बदललाय. बोलायचा हक्क आहे का, हा नाही. हक्क आहेच. बोलण्याआधी आपल्या नावावरची उधारी वाचून दाखवायची तयारी आहे का, हा आहे. आणि उधारी म्हटली की फेडणं आलं. गेल्या सहा वर्षांत मी त्या भागाला परत काय दिलं, ते एकदा लिहून काढलं. दोन रात्रींचं हॉटेलचं बिल, चार फिश थाळ्या आणि एक पोस्ट.

बहिणीच्या रीलवर अजून कमेंट येतात, 'लोकेशन प्लीज'. परवा तिने मला विचारलं, काय उत्तर देऊ? मी म्हटलं, बाबांना विचार, त्यांना रस्ता पाठ आहे.