या जन्मात तरी नाही



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १३.

आपल्याला प्रिय असलेला भक्त कसा असतो, हे भगवंत या श्लोकापासून सांगायला लागतात. मला आधी वाटायचं की यादीत पहिलं काहीतरी नामजप, उपवास, पूजा असं असेल. तसं नाहीये. पहिलं लक्षण म्हणजे कोणाचाही द्वेष न करणं. मग मैत्री, मग करुणा. मग 'माझं' सुटणं, 'मी' सुटणं, सुखदुःखात सारखं राहणं. आणि सगळ्यात शेवटी क्षमा.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचलाय. पण त्यातला क्रम डोक्यात शिरला तो १७ मे २०२५ ला, महालक्ष्मी रेसकोर्सवर, गन्स अँड रोझेसच्या कॉन्सर्टमध्ये. हसू नका, सांगतो.

हा बँड माझ्या आयुष्यात दादामुळे आला. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. सांगलीच्या घरी संध्याकाळी आजीचा हरिपाठ आटोपला की आतल्या खोलीत दादाचा टेपरेकॉर्डर सुरू व्हायचा. इंग्रजी मला कळायचं नाही, पण स्लॅशची गिटार कळायची. 'स्वीट चाइल्ड ओ माइन'ची सुरुवात दादा स्वतःच्या गिटारवर वाजवायचा, नेहमी एकाच ठिकाणी अडकायचा आणि परत पहिल्यापासून सुरू करायचा. आजही ते गाणं ऐकताना त्या जागेवर मी थांबतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा बँड १९८५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. १९८७ च्या पहिल्याच अल्बमने जगभर नाव झालं. गायक ॲक्सल रोझ आणि गिटारिस्ट स्लॅश, ही त्यातली जोडी. मग भांडणं झाली, एकेक माणूस गळत गेला. १९९६ मध्ये स्लॅश बाहेर पडला, त्याच्या मागोमाग बेसवाला डफ मॅकेगनही गेला. बँडचं नाव ॲक्सलकडे राहिलं. पुढे किती तरी वर्षं ॲक्सल आणि स्लॅशचा अबोला होता. पुन्हा एकत्र याल का असं विचारल्यावर ॲक्सलने दिलेलं उत्तर गाजलं : या जन्मात तरी नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये ॲक्सल त्याचा नवा संच घेऊन मुंबईत आला. मी नुकताच पुण्यात नोकरीला लागलो होतो. पहिल्या पगारांतून दोन तिकिटं काढली. दादा दुकान बाबांवर सोपवून सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून आला. स्टेजवर तीन गिटारिस्ट होते, स्लॅशचे सोलो त्यांनी वाजवले, चांगलेच वाजवले. पण परत येताना दादा म्हणाला, "स्लॅश नाही तर काय मजा नाही रे. ते दोघं एकत्र आले की परत येऊ." मी म्हटलं, "दादा, या जन्मात तरी नाही." दोघंही हसलो.

२०१५ मध्ये बाबांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस. दादा त्यांना घेऊन जायचा, चार-चार तास बसायचा, घेऊन यायचा. मी पुण्याहून दर महिन्याला पैसे पाठवायचो आणि जमेल तेव्हा, म्हणजे कमीच, यायचो. २०१७ मध्ये बाबा गेले. तेराव्यानंतर दोनच दिवसांनी दादाने विषय काढला की घर आणि दुकान त्याच्या नावावर करायचंय, मी हक्कसोडपत्रावर सही करावी. मी भडकलो. बोलता बोलता तो म्हणाला, "पैसे पाठवणं आणि बाबांना सांभाळणं एक नसतं."

त्या रात्री मी जे केलं ते लिहायला आजही लाज वाटते. लॅपटॉप उघडला, बँकेतले सगळे व्यवहार काढले आणि एक्सेल शीट बनवली. तारीख, रक्कम, कारण. खाली बेरीज, पिवळ्या रंगात. आणि ती फॅमिली ग्रुपवर टाकली, काका, आत्या, मामा सगळ्यांसमोर. दादा काही न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला.

आठ वर्षं. लग्नामुंजीत समोर यायचो, पण बोलणं तिसऱ्या माणसातर्फे. "वहिनी, दादाला विचारा, गाडीत जागा आहे का." दादा दोन हातांवर उभा असायचा.

आता मेमधली कॉन्सर्ट. ॲक्सल आणि स्लॅशचं बोलणं परत सुरू झाल्याचं २०१५ मध्ये स्लॅशनेच सांगितलं होतं. एप्रिल २०१६ मध्ये ते, डफसकट, पुन्हा एका स्टेजवर आले. त्या दौऱ्याचं नाव काय ठेवलं? 'नॉट इन धिस लाइफटाइम'! स्वतःचंच वाक्य स्वतःच्या पोस्टरवर छापलं. मला हे फार आवडलं. आपण रागात बोललेलं वाक्य पुढे किती वर्षं आपल्यावर पहारा देत बसतं. ते मोडायचं तर आधी त्याच्यावर हसता यावं लागतं.

२०१६ मध्ये ही बातमी आली तेव्हा दादाशी माझं बोलणं होतं. 'आता ते इकडे आले की जायचंच' असं ठरलंही होतं. ते इकडे आले तेव्हा मी ऑफिसमधल्या दोघांबरोबर रांगेत उभा होतो. मेचा उकाडा, शर्ट पाठीला चिकटलेला. माझा सहकारी म्हणाला, "अरे, हे सगळं पैशासाठी. प्रेमाबिमासाठी नाही आलेत एकत्र." त्याचं खोटं म्हणता येत नाही. त्या दौऱ्याने पन्नास कोटी डॉलरहून जास्त कमावले.

मग प्रश्न असा की हेतू शुद्ध नसेल तर समेट खोटा का?

इथे मला भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ आठवला. मरताना त्याने हाक मारली ती देवाला नव्हे, नारायण नावाच्या आपल्या मुलाला. हेतू भक्तीचा नव्हताच, भीती आणि माया होती. तरी ती हाक पोचली. आपली परंपरा हेतूला मान देते, पण हेतू चोख होईपर्यंत हाकच मारू नका असं सांगत नाही. मन शुद्ध झाल्यावर जप सुरू करू म्हणणारा कधीच सुरू करत नाही. अबोल्याचंही तेच. मनातला राग पूर्ण जाईल, मग फोन करीन, असं म्हणत मी आठ वर्षं काढली. राग काही आपणहून गेला नाही. तो तिथेच घर करून राहिला.

'नोव्हेंबर रेन'ला ॲक्सल पियानोवर बसला. ६३ वर्षांचा माणूस. आवाज पूर्वीचा राहिलेला नाही, वरच्या पट्टीत ओढाताण होते, हे फॅन असूनही मान्य करायला हवं. स्लॅश ५९ चा, तीच हॅट. मी कॅसेटमधल्या आवाजाची वाट बघत होतो, आणि समोर दोन म्हातारे होत चाललेले माणूस आपापला भाग नीट वाजवत होते. मला वाटलं होतं की मी माझं लहानपण परत भेटायला आलोय. ते काही मिळालं नाही. मिळालं ते वेगळंच.

मधली वर्षं ॲक्सल रिकामा बसला नव्हता. २००८ मध्ये त्याने 'चायनीज डेमोक्रसी' नावाचा अल्बम काढला, स्लॅश आणि डफशिवाय. आणि एकत्र आल्यापासून या बँडने एक गोष्ट केली आहे. त्या अल्बममधली गाणीही ते कार्यक्रमात वाजवतात, आणि त्यात स्लॅश गिटार वाजवतो. म्हणजे बघा, जी गाणी तो नसताना झाली, ज्यांत त्याचं काहीच नाही, दुसऱ्यांनी रचलेले गिटारचे भाग आहेत, ते तो शिकला. 'मी नव्हतो तेव्हाचं काही धरायचं नाही, माझ्या काळातलं तेवढंच वाजवू' असं त्याला म्हणता आलं असतं.

त्या गर्दीत माझ्या डोक्यात हेच बसलं. समेट म्हणजे भांडणाच्या आधीच्या दिवसांत परत जाणं, असं मी धरून चाललो होतो. तसं जाताच येत नाही. समेट म्हणजे मी नसताना दुसऱ्याने जे केलं, जे सोसलं, ते शिकून घेणं. बाबांची शेवटची दोन वर्षं हा दादाचा अल्बम होता. मी त्यात नव्हतो. आणि त्याच्या वाक्याला मी उत्तर काय दिलं? बेरीज. पिवळ्या रंगात. हक्कसोडपत्राचा मुद्दा कोणाचा बरोबर होता, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पण दादाचं ते एक वाक्य बरोबर होतं, आणि ते बरोबर असल्यामुळेच मी चिडलो होतो.

मग श्लोकातला क्रम दिसला. क्षमा शेवटी आहे. तिच्या आधी 'माझं' आणि 'मी' सुटायला हवेत. माझे पैसे, माझा हिस्सा, मी बरोबर. ते हातात घट्ट धरून मी क्षमेच्या गोष्टी करत होतो, तीही दादाने मागावी म्हणून!

दुसरी बाजूही सांगतो, कारण अशा पोस्टनंतर कुणीतरी स्वतःला उगाच दोष देत बसतं. प्रत्येक तुटलेलं नातं जोडलंच पाहिजे असं हा श्लोक सांगत नाही. या बँडचा जुना गिटारिस्ट इझी स्ट्रॅडलिन काही परत आला नाही, आणि त्याचं बाहेर राहणं हा काही गुन्हा नाही. ज्याने तुम्हाला खरोखर इजा केली, पुन्हा करू शकतो, त्याच्यापासून लांब राहा. द्वेष सोडणं पहिलं आहे आणि ते एकट्याला जमतं, समोरच्याला न भेटता, न सांगता. मैत्री त्याच्यानंतर येते आणि तिला दोघं लागतात. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीवर थांबावं लागलं तरी ती पायरी खरीच आहे.

माझ्या बाबतीत मात्र दादाने मला इजा केली नव्हती. मी केली होती.

रविवारी सकाळी फोन लावला. आधी 'सॉरी' म्हणायचं ठरवलं होतं, मनात तीनदा घोकलंही. त्याने उचलला. "बोल." माझ्या तोंडून वेगळंच आलं. "दादा, डायलिसिसच्या दिवशी बाबा काय करायचे रे?"

तो इतका वेळ गप्प होता की फोन कट झाला की काय असं वाटलं. मग हळूहळू बोलायला लागला. बाबा जाताना एक शब्द बोलायचे नाहीत, येताना मात्र हट्टाने भडंग मागायचे. मिठाला बंदी, पाणी मोजून. दादा मूठभर द्यायचा आणि घरी आईला सांगायचा नाही. एकदा मशीनवर असताना बाबांनी विचारलं होतं, "धाकटा कधी येणार?" दादाने खोटं सांगितलं होतं, "शनिवारी." असे कितीतरी शनिवार त्याने माझ्या नावावर खोटे सांगितले होते. हे कुठल्याही शीटमध्ये नव्हतं.

चाळीस मिनिटं तो बोलला, मी ऐकलं. शेवटी मी शीटबद्दल बोलायला गेलो. "ते राहू दे," म्हणाला. माफ केलं असं म्हणाला नाही. घराचं काय हेही ठरलं नाही. मीही विचारलं नाही. पण फोन ठेवायच्या आधी त्याने विचारलं, "आवाज कसा होता त्याचा?"

"बसलाय रे," मी म्हटलं.

"बसणारच. वय झालं," म्हणाला. "गिटार?"

"गिटार तशीच."

"हं," म्हणाला आणि फोन ठेवला.

मंडळी, आजच्यापुरतं एवढंच करू या. ज्याच्याशी बोलणं बंद आहे असा एक माणूस आठवायचा. त्याला फोन करायची घाई नको. तुम्ही नव्हता तेव्हा तो कशातून गेला असेल, याचा पाच मिनिटं विचार करायचा. त्या पाच मिनिटांत स्वतःची बाजू मांडायची नाही. तेवढीच साधना. मैत्री, क्षमा वगैरे पुढचं पुढे, भगवंत बघून घेईल.

उद्या श्लोक १४.

राम कृष्ण हरी 🙏